'हॉट स्पेस' : एका फसलेल्या प्रयोगाची चिकित्सा

'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडचा 'हॉट स्पेस' हा अल्बम मे १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून तो या बँडच्या दुबळ्या अल्बमांत गणला जातो. त्याचे कारण बहुधा एकच सांगितले जाते, ते म्हणजे रॉक वाजवणारे चौघे डिस्कोच्या, म्हणजे नृत्यगृहांत वाजणाऱ्या ठेकेदार संगीताच्या, मागे लागले. हे कारण अपुरे आहे. गायक फ्रेडी मर्क्युरी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्येच 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' या गाण्यात ऑपेराची गायकी आणि रॉकची गिटार एकत्र आणली होती, आणि श्रोत्यांनी ते गाणे डोक्यावर घेतले होते. त्यामुळे शैली बदलली एवढ्यानेच अल्बम फसला असे म्हणता येत नाही; ती बदलताना बँडच्या हातून काय सुटले, हे तपासावे लागते.

ब्रायन मे याची थरावर थर चढवून ध्वनिमुद्रित केलेली गिटार, मर्क्युरी, मे आणि रॉजर टेलर यांच्या आवाजांचा भरदार मेळ, टेलरचे ड्रम आणि जॉन डीकनची खर्जातली बेस गिटार यांतून क्वीनचा नाद घडला होता. सिंथेसायझर, म्हणजे विजेच्या साहाय्याने कृत्रिम ध्वनी निर्माण करणारे वाद्य, त्यांनी १९८० च्या 'द गेम' या अल्बममध्ये प्रथम वापरले. त्याच अल्बममधील डीकनने रचलेले, बेसच्या आवर्तनावर उभे असलेले 'अनदर वन बाइट्स द डस्ट' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले, आणि या यशाने 'हॉट स्पेस'ची दिशा ठरवली.

मात्र एका गाण्यात जे साधले, ते अल्बमच्या संपूर्ण पहिल्या बाजूवर साधले नाही. नृत्यसंगीतात वाद्ये कमी आणि मोकळी जागा जास्त असते. दोन मात्रांमधील अवकाश तबलावादक जसा जाणतेपणाने भरतो किंवा सोडतो, तसाच तो बेस आणि ड्रम वाजवणाऱ्यांनी जिवंत ठेवायचा असतो. येथे 'स्टेइंग पॉवर'सारख्या गाण्यात ते काम सिंथेसायझरच्या बेसकडे आणि ठेका आपोआप वाजवणाऱ्या ड्रम मशीनकडे सोपवले गेले, 'बॉडी लँग्वेज'मध्ये गिटार जवळजवळ उरलीच नाही, आणि त्यामुळे मोकळी जागा नुसती रिकामी भासू लागली. दुसऱ्या बाजूवर बंदुकीच्या हिंसेवरचे 'पुट आउट द फायर' हे सरळ रॉक गाणे आणि गायक जॉन लेननच्या स्मरणार्थ रचलेले गाणे येते, त्यामुळे दोन बाजू दोन वेगळ्या बँडच्या वाटतात. त्यातच अमेरिकेत १९७९ पासून डिस्कोविरुद्ध तीव्र प्रतिक्रिया उमटली होती. ब्रिटनमध्ये चौथ्या स्थानापर्यंत गेलेला हा अल्बम अमेरिकेत बाविसाव्या स्थानापलीकडे गेला नाही.

दोष शैलीचा नव्हता, याचा सर्वांत ठोस पुरावा याच अल्बमच्या शेवटी आहे. गायक डेव्हिड बोवीसोबत केलेले 'अंडर प्रेशर' हे गाणेही बेसच्या छोट्याशा आवर्तनावर आणि मोकळ्या जागेवरच उभे आहे. परंतु ते स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथील स्टुडिओत सर्वांच्या एकत्र वाजवण्यातून आकाराला आले, आणि १९८१ मध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. जून १९८२ मधील मिल्टन कीन्सच्या मैफलीचे ध्वनिमुद्रणही हेच सांगते, कारण तेथे 'स्टेइंग पॉवर'ला टेलरचे ड्रम आणि मेची गिटार मिळताच तीच रचना वेगवान आणि धारदार होते.

पुढे १९८४ मध्ये 'रेडिओ गा गा' या गाण्यात बँडने सिंथेसायझर आणि ड्रम मशीन दोन्ही वापरूनही मोठे यश मिळवले, यावरून यंत्रालाही दोष देता येत नाही. 'हॉट स्पेस'चे धाडस खरे होते आणि त्याचा मान राखलाच पाहिजे. परंतु चौघांच्या परस्परसंवादातून घडलेल्या बँडने तो संवादच बाजूला ठेवला, म्हणून या अल्बमची फसगत झाली, असाच निष्कर्ष काढावा लागतो.