जमीन घेताना केवळ एक-चौदाचा उतारा पुरेसा नाही

कोरगाव : मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ रोजी विमानसेवा सुरू झाली आणि पेडणे तालुक्यातील जमिनीकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. कोरगावसारख्या गावात काजू-माडाच्या बागायतीला आता प्लॉट आणि व्हिला यांच्या हिशेबाने भाव सांगितले जातात. अशा व्यवहारात आयुष्यभराची बचत गुंतवणाऱ्याला मुख्यतः दोन धोके संभवतात : विकणाऱ्याला विक्रीचा पूर्ण हक्क नसणे आणि घेतलेल्या जागेवर बांधकामाची मुभा नसणे. पैसे देण्यापूर्वी हे दोन्ही धोके बहुतांशी टाळता येतात. नंतर मात्र न्यायालयाची पायरी चढण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

मालकीची साखळी

नमुना १ व १४ म्हणजेच एक-चौदाचा उतारा हाती आला की मालकी सिद्ध झाली, असा सार्वत्रिक समज आहे. जमीन महसूल संहितेनुसार या उताऱ्यातील नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते. परंतु केवळ नोंदीमुळे मालकी निर्माण होत नाही. त्यासाठी विक्रीखते, बक्षीसपत्रे, वारसा दस्तऐवज आणि पोर्तुगीज काळातील जमीन-नोंदणी यांची साखळी जुळवावी लागते. विक्रेत्याने दिलेल्या छायाप्रतींवर विसंबू नये. प्रमाणित प्रती संबंधित कार्यालयातून स्वतः किंवा वकिलामार्फत घ्याव्यात. जुन्या बनावट दस्तऐवजांच्या आधारे जमिनी हडप केल्याच्या तक्रारींमुळेच २०२२ मध्ये राज्य सरकारने विशेष तपास पथक आणि निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोग नेमला होता. मालक दिवंगत किंवा परदेशी असलेल्या मालमत्तांबाबत विशेष सावध राहणे इष्ट.

उताऱ्यावर आजोबांचे नाव आणि विकायला आलेला एकच नातू, हे चित्र गोव्यात नवे नाही. गोव्याच्या समान नागरी कायद्यात विवाहपूर्व करार नसल्यास सर्वसाधारणपणे पती-पत्नींची मालमत्ता सामाईक असते. म्हणून विक्रीखतावर दोघांचीही संमती हवी. वारसांची वाटणी ‘इन्वेंटरी’ प्रक्रियेतून झाली आहे का, हेही पाहावे. २०१२ चा वारसा व इन्वेंटरीविषयक कायदा डिसेंबर २०१६ पासून लागू आहे. एक वारस वगळला गेला तरी व्यवहार वर्षानुवर्षे वादात अडकू शकतो. मुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे.

कूळ आणि मुंडकार

उताऱ्यातील कूळ आणि ‘इतर हक्क’ हे रकाने काळजीपूर्वक वाचावेत. मुंडकाराला १९७५ च्या कायद्याचे संरक्षण असून, त्याला आपले घर आणि भोवतालची ठरावीक जागा विकत घेण्याचा हक्क आहे. नोंद नसली तरी हक्क असू शकतो. म्हणून जागेवर जाऊन कोण राहतो, कोण कसतो आणि वाट कोठून जाते, याची शेजाऱ्यांकडे चौकशी करावी. पुस्तकात न दिसणारी घुमटी किंवा वहिवाटीची पायवाट जागेवर लगेच दिसते.

जमिनीचा वापर

कोरगावच्या एका वाड्याचे नावच भालखाजन आहे. सखल खाजन जमीन आणि वरची बागायत यांना वेगवेगळे नियम लागू होतात. खाजनांना किनारी नियमन क्षेत्राचे निर्बंध आहेत, तर भातशेती बिगरशेतकऱ्याला हस्तांतरित करण्यावर २०२३ च्या कायद्याने मर्यादा घातल्या आहेत. प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये सर्व्हे क्रमांक कोणत्या क्षेत्रात येतो, याचा दाखला नगरनियोजन खात्याकडून घ्यावा. घर बांधण्यासाठी रूपांतर सनदही आवश्यक ठरते.

‘क्षेत्र लवकरच बदलून मिळेल’ या आश्वासनावर दर ठरवू नये. पेडण्याचा मसुदा झोनिंग आराखडा २०२३ मध्ये लोकांच्या विरोधामुळे मागे घ्यावा लागला. क्षेत्रबदलासाठीच्या कलम १७(२) खालील नियम मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रद्द केले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. अपेक्षेचे मोल आज मोजायचे आणि निर्णयाची जोखीम मात्र ग्राहकाने पत्करायची, असा हा सौदा असतो.

पैसा कधी आणि कसा द्यावा

इसाराची रक्कम लहान ठेवावी आणि पुढचे हप्ते कागदपत्रांच्या टप्प्यांशी जोडावेत. हक्क सदोष ठरल्यास पैसे किती दिवसांत परत मिळतील, हे करारातच लिहून घ्यावे. वृत्तपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवाव्यात, तसेच उपनिबंधक कार्यालयातून बोजा नसल्याचा दाखला घ्यावा. २० हजार रुपये वा त्याहून अधिक रक्कम रोखीने दिली-घेतली तर आयकर कायद्यानुसार दंड होऊ शकतो. ५० लाख रुपये वा अधिक किमतीच्या बिगरशेती मालमत्तेच्या खरेदीत एक टक्का कर कापून भरणे ही खरेदीदाराची जबाबदारी आहे.

सदनिका किंवा प्लॉट विकसकाकडून घ्यायचा असल्यास रेरा नोंदणी तपासावी. ५०० चौरस मीटरहून मोठ्या अथवा आठाहून अधिक सदनिकांच्या प्रकल्पाला ती सक्तीची आहे. नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम विकसक घेऊ शकत नाही.

शेवटी, कर्ज मंजूर झाले म्हणजे मालकी निर्दोष आहे, असा अर्थ काढू नये. बँक आपल्या कर्जापुरती तपासणी करते. स्वतःच्या वकिलाचा शोध-अहवाल येईपर्यंत थांबल्याने एखादा सौदा हातचा जाईल. पण जो विक्रेता कागद तपासण्यासाठी पंधरा दिवसही थांबायला तयार नसतो, त्याची घाई हीच पहिली धोक्याची सूचना समजावी.