मुलांना घरचा हिशेब दाखवा

हायस्कुलात मुले व्याजाची गणिते सोडवतात. पण घरचा हिशेब त्यांना कोण दाखवतो?

एक गणित पाहा. सावकाराकडून १००० रुपये घेतले. व्याज दर महिना शेकडा ५. पाच म्हटले की थोडे वाटते. पण महिन्याला ५० झाले, वर्षाला ६०० झाले. आणि मुद्दल जागच्या जागी! हे गणित मुलांकडून मांडून घ्या. मोठेपणी ती फसायची नाहीत.

आता दुसरे गणित. दहा वर्षांवरच्या मुलामुलींना पोस्टात स्वतःच्या नावाने खाते काढता येते. तेथे रिकरिंग खात्यात महिन्याला १०० रुपये भरले, तर ५ वर्षांत ६००० होतात. वर व्याज मिळते ते वेगळे. आठवीत सुरू केले, तर बारावी होताना पैसे हाती येतात.

बाजारच्या दिवशी रात्री मुलांना जवळ बसवा. आले किती, गेले किती, उरले किती, ते त्यांनाच लिहू द्या. पुढे काय शिकायचे, त्याला किती लागेल, तेही लिहा. घरात कर्ज असेल तर ते लपवू नका, मंडळी. झाकलेले कर्ज वाढतच जाते, आणि शेवटी मुलांच्याच माथी बसते.