चाळीस पैशांचे परराष्ट्र धोरण

शंभर रुपयांतले चाळीस पैसे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात परराष्ट्र मंत्रालयाच्या वाट्याला साधारण एवढेच आले: एकूण ५०.६५ लाख कोटी रुपयांच्या खर्चातले सुमारे २०,५१६ कोटी. त्यातले २,१५० कोटी एकट्या भूतानच्या मदतीसाठी ठेवले होते, म्हणजे मंत्रालयाच्या दर दहा रुपयांतला रुपयाहून थोडा जास्तच. मालदीवला ६०० कोटी, अफगाणिस्तानला १००. जेमतेम आठ लाख वस्तीच्या भूतानला एवढा मोठा वाटा देणे मला योग्य वाटते. तिथले जलविद्युत प्रकल्प आपल्या पैशाने आणि अभियंत्यांच्या हातांनी उभे राहिले, आणि चीनला लागून असलेला हा शेजारी आपल्याबरोबर टिकून राहिला.

पैसा थोडा आहे हे खरे, पण खरी टंचाई माणसांची आहे. संसदेच्या परराष्ट्र व्यवहार स्थायी समितीने २०२३ मध्ये मांडलेल्या आकड्यांनुसार भारतीय परराष्ट्र सेवेचे संख्याबळ १,०११. त्यातले ६६७ अधिकारी परदेशात आणि ३३४ दिल्लीच्या मुख्यालयात, जिथे ५७ विभाग आहेत. म्हणजे एका विभागाला सरासरी सहाही अधिकारी येत नाहीत. ऑस्ट्रेलियातील लोवी इन्स्टिट्यूटच्या २०२४ च्या मोजणीत भारताच्या परदेशातील कचेऱ्या १९४ भरल्या, तर साडेआठ कोटी लोकसंख्येच्या तुर्कस्तानच्या २५२. आपल्या १९४ कचेऱ्यांत ६६७ अधिकारी वाटले तर एकेका ठिकाणी साडेतीनही येत नाहीत. इतर कर्मचारी असतात, पण यजमान देशाशी वाटाघाटी करायच्या त्या याच मोजक्या लोकांनी.

एवढ्याच बळावर २०२३ मध्ये साठ शहरांत जी-२० च्या दोनशेहून अधिक बैठका झाल्या आणि आफ्रिकी महासंघाला त्या गटात कायमचे स्थान मिळाले. महासत्ता नसलेल्या देशाने बड्यांच्या टेबलावर इतरांसाठी जागा करून देणे हीच मध्यम सत्तेची खरी कामगिरी, आणि तिचा अभिमान वाटतो. पण त्या वर्षी निभावले म्हणून एवढ्याच लोकांत कायम निभावेल, असे धरून चालणे धोक्याचे आहे.

दिल्लीत आर. के. पुरमच्या बाजूला गेलात तर या मंत्रालयाची दोन रूपे जवळून दिसतात. भिकाजी कामा प्लेसमधल्या हुडको त्रिकूट इमारतीत दिल्लीचे प्रादेशिक पासपोर्ट कार्यालय आहे. काखेत फाइल, हातात मूळ कागद आणि त्यांच्या झेरॉक्स घेऊन आलेल्या बहुतेकांचा परराष्ट्र मंत्रालयाशी संबंध येतो तो इथेच. पोस्टातून पासपोर्ट द्यायची सोय जानेवारी २०१७ मध्ये सुरू झाली, तेव्हा मंत्रालयात पासपोर्टचे काम पाहणारे सचिव होते कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुल लाटचे ज्ञानेश्वर मुळे. आज अशी चारशेहून अधिक केंद्रे आहेत, आणि तालुक्याच्या अनेक मुलांना पासपोर्टसाठी मोठ्या शहराची वारी करावी लागत नाही. महाराष्ट्रासाठी हे किरकोळ नाही: रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशातून आलेल्या पैशातला २०.५ टक्के वाटा आपल्या राज्यात आला, केरळपेक्षाही थोडा जास्त.

पण पासपोर्ट घेऊन गेलेला माणूस अडकला की पुन्हा त्याच मोजक्या अधिकाऱ्यांवर भार येतो. २०२२ मध्ये युक्रेनमधून सुमारे २२,५०० भारतीय परतले. ऑपरेशन गंगा या मोहिमेची नव्वद उड्डाणे डोळ्यांत भरतात, पण ती उडाली पोलंड, हंगेरी, रुमानिया, स्लोव्हाकियाच्या विमानतळांवरून. लोकांना सीमेपार घ्यायचे आणि विमानात बसवायचे काम तिथल्या दूतावासांवर पडले.

दुसरे रूप आउटर रिंग रोडपलीकडे, जुन्या जेएनयूच्या आवारात आहे: सुषमा स्वराज परराष्ट्र सेवा संस्था. नवे अधिकारी इथे घडतात, आणि पुढे प्रत्येकाला एक परकी भाषा शिकावी लागते. त्या भाषेचे मोल केव्हा कळते? २०१७ मध्ये डोकलामला भारत आणि चीनचे सैन्य ७३ दिवस समोरासमोर उभे होते, तेव्हा बीजिंगमध्ये आपले राजदूत होते विजय गोखले. ते १९८१ मध्ये सेवेत आले, चिनी शिकले, हाँगकाँग, बीजिंग, तैपेईला राहिले. असा माणूस तयार व्हायला छत्तीस वर्षे लागली. तो अर्थसंकल्पात तरतूद वाढवून पुढच्या वर्षी मिळत नाही.

म्हणून भरतीचा आकडा सगळ्यांत महत्त्वाचा. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२३ च्या परीक्षेतून परराष्ट्र सेवेसाठी ३७ जागा होत्या, २०२४ च्या परीक्षेतून ५५. वाढ चांगली आहे, पण ढोबळ हिशेब करून पाहा. नोकरी तेहेतीस वर्षांची धरली तर १,०११ जणांतले दरवर्षी तीसेक निवृत्त होणार. बढतीने येणारे बाजूला ठेवले, तर ३७ च्या भरतीत निव्वळ भर सातची, आणि ५५ च्या भरतीत पंचविसाची. दरवर्षी ५५ घेत राहिले, तरी आजचे संख्याबळ दुप्पट व्हायला चाळीस वर्षे जातील.