कुलूप, सापळा आणि आर्जव

व्हिडिओ गेमच्या चोरीचा मागोवा घेताना मला चोरांपेक्षा कंपन्यांनी त्यांना दिलेल्या उत्तरांचे अधिक कुतूहल वाटत आले आहे. ही उत्तरे ढोबळमानाने तीन प्रकारची आहेत.

पहिले कुलूप. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने २०१० मध्ये ‘ॲसॅसिन्स क्रीड २’च्या संगणकावरील आवृत्तीला अट घातली, की एकट्याने खेळायचे असले तरी इंटरनेट सतत जोडलेले हवे. मार्चमध्ये कंपनीचे सर्व्हर कोलमडले आणि रोख पैसे मोजलेल्या गिऱ्हाइकांनाच खेळता येईना. कुलूप फोडलेल्या प्रतीला सर्व्हरची गरजच नसते. म्हणजे शिक्षा झाली ती प्रामाणिक माणसाला.

दुसरा सापळा. २०१३ मध्ये पॅट्रिक आणि डॅनियल क्लुग या भावांनी ‘गेम डेव्ह टायकून’ हा खेळ काढला. त्यात खेळाडू स्वतःच गेम बनवणारी कंपनी चालवतो. भावांनी विक्रीबरोबरच एक ‘फोडलेली’ प्रत आपणहून चोरबाजारात सोडली. त्या प्रतीत काही तासांनी खेळाडूची कंपनी बुडू लागे. कारण लोक तिचे गेम फुकट पळवत! पहिल्या दिवसाअखेर विकत घेणारे २१४, तर ही प्रत वापरणारे किमान ३,१०४ निघाले. चोरीने आपण बुडतो आहोत, यावर उपाय काय, अशी विचारणा त्यांच्यापैकीच काहींनी केली! तरीही हा आकडा जपून वाचावा. फुकट घेणारा प्रत्येक जण अन्यथा विकत घेणारा असतोच असे नाही.

तिसरे आर्जव, आणि ते पोलंडमधले. साम्यवादी राजवट संपल्यावर तेथील बाजारात नकली प्रतींचा सुळसुळाट होता. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या सीडी प्रोजेक्टने १९९९ मध्ये ‘बाल्डर्स गेट’ पोलिश भाषेत आणला. नामवंत नटांचे आवाज, खोक्यात नकाशा, नियमपुस्तक. चोराला देता येणार नाही ते त्यांनी दिले. पहिल्याच दिवशी १८,००० प्रती खपल्या. पुढे याच कंपनीने संशयित चोरांना भरपाईच्या नोटिसा पाठवायला सुरुवात केली. टीका झाल्यावर २०१२ च्या जानेवारीत तो मार्ग सोडून दिला.

माझ्या मते खरा प्रश्न चोरीच्या पलीकडचा आहे. प्रकाशक बंद पडला तरी आपल्या कपाटातले पुस्तक उघडते. युबिसॉफ्टचा २०१४ चा ‘द क्रू’ हा खेळ मात्र ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद होताच विकत घेणाऱ्यांच्याही हातून गेला. तेथे सर्व्हरवर विसंबणे हा खेळाच्या रचनेचाच भाग होता. परंतु किल्ली कायम विक्रेत्याच्या खिशात राहिली की काय होते, ते त्यातून दिसते. चोरी थांबवणे हा कंपन्यांचा हक्कच आहे. मात्र प्रत्येक नव्या कुलपाबाबत दोन गोष्टी विचारायला हव्यात: ते नेमके कोणाला अडवते, आणि कंपनी निघून गेल्यावर ते कोण उघडणार?