काट्यामागची ऊब

१९८० च्या दशकातल्या फोर्ड एफ-१५० या अमेरिकी पिकअपला अनेकदा पेट्रोलच्या दोन टाक्या असत, एक पुढे आणि एक मागे. डॅशबोर्डवरचे बटण दाबले की इंजिन एकीचे सोडून दुसरीचे पेट्रोल ओढू लागे. या गाड्या जुन्या झाल्यावर त्यांच्यात एक चमत्कारिक प्रकार दिसतो. गाडी मागच्या टाकीवर चाललेली असते आणि पुढच्या टाकीच्या तोंडातून पेट्रोल ओघळू लागते. टाकीला भोक नाही, पाइप फाटलेला नाही, क्लॅम्प घट्ट आहेत, तरी जमिनीवर पेट्रोल सांडते आहे.

दशकाच्या मध्यापासून या पिकअपमध्ये इंधन इंजेक्शन आले. इंजेक्शनच्या इंजिनाकडे पंप गरजेपेक्षा नेहमी जास्त पेट्रोल पाठवतो आणि उरलेले परतीच्या पाइपने माघारी येते. ज्या टाकीतून ते निघाले तिच्यातच ते परत जावे, ही जबाबदारी एका व्हॉल्व्हची. हा व्हॉल्व्ह आतून अडकला की मागच्या टाकीतून उपसलेले पेट्रोल पुढच्या टाकीत जमत राहते. भरलेली टाकी अखेर उतू जाते. चालकाला वाटते, गाडी पेट्रोल पिऊ लागली आणि वर टाकीही फुटली. खरे तर बिघाड एकच असतो आणि तो ओळखायला गाडीखाली शिरावेही लागत नाही. बटण दाबून दोन्ही टाक्यांची पातळी आळीपाळीने पाहिली की एकीची भराभर उतरताना आणि दुसरीची आपोआप चढताना दिसते.

जुन्या पिकअपची इंधनयंत्रणा मला विलक्षण वाटते ती यासाठीच. बिघाड आपला पत्ता स्वतः सांगतो. गळती केव्हा होते आणि काटा कुठल्या बाजूला चुकतो, एवढे नीट पाहिले तर निम्मे काम पाना हातात घेण्याआधीच होते.

फक्त पेट्रोल भरताना गळत असेल, तर तोंडापासून टाकीपर्यंतचा जाड रबरी होज तडकलेला असतो. टाकी काठोकाठ भरल्यावर गळते आणि पाऊण झाली की थांबते, तर दोष टाकीच्या माथ्यावर. तिथे धूळ आणि चिखल साचतो, ओल धरतो आणि पत्रा वरून गंजत जातो. अमेरिकेच्या उत्तरेकडे हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकतात, ते या गंजाला आणखी बळ देते. उन्हात उभ्या गाडीची भरलेली टाकी पाझरली तर त्यात पेट्रोलच्या फुगण्याचाही हात असतो. दर अंशाला पेट्रोल हजारात सुमारे एका भागाने वाढते. ७० लिटर पेट्रोल १५ अंशांनी तापले, तर त्याला एक लिटर जास्तीची जागा लागते.

इंजिन चालू असतानाच गळत असेल, तर दाबाखालचा पाइप तपासायचा. कार्ब्युरेटरच्या गाडीत हा दाब पाच-सहा पीएसआय, इंजेक्शनच्या गाडीत चाळिशीच्या आसपास. दोन्हीकडचे रबरी होज बाहेरून सारखेच काळे दिसतात, म्हणून त्यांच्यावर छापलेली अक्षरे वाचावीच लागतात. ३०आर७ हा कमी दाबाचा, ३०आर९ इंजेक्शनचा. पहिला दुसऱ्याच्या जागी बसवला तर इंजिनाच्या उष्णतेत दाबाखालच्या पेट्रोलचा फवारा उडू शकतो. इथेनॉलही रबराची परीक्षा घेते. अमेरिकेतल्या बहुतेक पेट्रोलमध्ये ते १० टक्के असते. आपल्याकडे २०२५ पर्यंत मिश्रण २० टक्क्यांवर पोहोचले, तेव्हा महाराष्ट्रातल्या जुन्या जीपच्या मालकांनाही होजवरची अक्षरे वाचण्याची गरज तेवढीच आहे.

आता काटा. त्या काळच्या या पिकअपमधला काटा पेट्रोल मोजत नाही, तो ऊब मोजतो. काट्यामागे दोन वेगवेगळ्या धातूंची चिकटवलेली पट्टी असते आणि तिच्याभोवती बारीक तार गुंडाळलेली असते. तारेतून वीज गेली की ती तापते. दोन धातू उष्णतेने सारखे वाढत नाहीत, म्हणून पट्टी वाकते आणि काटा सरकतो. जॉन हॅरिसन या इंग्रज घड्याळजीने अठराव्या शतकात समुद्रप्रवासासाठी केलेल्या आपल्या तिसऱ्या घड्याळात तापमानामुळे होणारी चूक सुधारायला अशीच पट्टी वापरली होती. जहाजाला रेखांश सापडावा म्हणून योजलेली युक्ती पिकअपच्या डॅशबोर्डमध्ये पेट्रोलची पातळी दाखवते आहे!

वीज किती जावी, हे टाकीतला सेंडर ठरवतो. त्याच्या दांडीच्या टोकाला तरंगणारा फ्लोट असतो. फ्लोट वरखाली झाला की विजेच्या वाटेतला रोध बदलतो. टाकी रिकामी असताना तो सुमारे ७३ ओहम, भरलेली असताना १०. रोध कमी, म्हणजे वीज जास्त, ऊब जास्त, काटा वर. पण गाडीचा व्होल्टेज सतत खालीवर होतो, मग काटा डुलायला हवा. त्यासाठी डॅशबोर्डमागे एक छोटा रेग्युलेटर असतो. त्यातही तशीच तापणारी पट्टी असते. ती वाकून वीज तोडते, थंड होऊन जोडते, पुन्हा तोडते. या उघडझापीची सरासरी सुमारे ५ व्होल्ट पडते. काटा इतका मंद असतो की त्याला ही उघडझाप जाणवतच नाही, आणि वळणावर टाकीत पेट्रोल हिंदकळले तरी तो शांत राहतो. मंदपणालाच असे कामाला लावणे, याहून देखणी अभियांत्रिकी मला चटकन आठवत नाही.

पेट्रोलचा आणि इंजिनाच्या तापमानाचा, असे दोन्ही काटे एकदमच चुकू लागले तर टाकीला हात लावू नये. दोघांचा रेग्युलेटर एकच असतो. फक्त पेट्रोलचा काटा रिकाम्यावर पडून राहिला, तर सेंडरची तार किंवा अर्थ तुटलेला असू शकतो. तार घासून चॅसिसला टेकली असेल, तर काटा भरलेल्याच्याही पुढे जातो. शेव्हरोले पिकअपमध्ये मात्र हेच उलटे. तिथे रिकामी टाकी म्हणजे जवळपास शून्य ओहम आणि भरलेली म्हणजे ९०. त्यामुळे अर्थ गंजला की ती टाकी काठोकाठ भरल्याचे सांगते, आणि चालक निर्धास्तपणे भर रस्त्यात बंद पडतो. फोर्डची चूक निदान सावध करणारी आहे.

कधी तार, अर्थ, रेग्युलेटर सगळे ठीक निघते आणि दोष फ्लोटमध्ये सापडतो. जुने फ्लोट पितळेचे, पोकळ, झाळून बंद केलेले. झाळ सुटली की आत पेट्रोल शिरते आणि फ्लोट बुडतो. कानाजवळ धरून हलवला की आतले पेट्रोल ऐकू येते.

पण फ्लोटपर्यंत जायचे तर टाकी उघडावी लागते, आणि इथे सर्वांत जपावे. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असतानाच पेटते. भरलेल्या टाकीत बहुधा वाफ इतकी दाट असते की ती पेटू शकत नाही. जवळजवळ रिकामी टाकी उघडून ठेवली की हवा आत शिरते आणि मिश्रण नेमके पेटण्याजोगे होते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत लांबवर पसरते. म्हणून आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढावी, काम मोकळ्यावर करावे, सेंडरची लॉक रिंग पितळी किंवा लाकडी ठोकणीने फिरवावी. भोक पडलेली टाकी घरी वेल्ड करायला कधीही घेऊ नये. धुतली तरी गंजात आणि सांध्यांत वाफ लपून राहते. सरळ नवी टाकी बसवावी.

नवी टाकी घेताना सेंडरही नवा घ्यावासा वाटतो. तेव्हा गाडीचे साल सांगून घ्यावा आणि बसवण्याआधी मीटरवर तपासावा, कारण १९८७ पासून फोर्डने हे गणित फिरवले. नव्या पद्धतीत रिकाम्या टाकीला १६ ओहम आणि भरलेलीला १५८. तो सेंडर १९८६ च्या पिकअपमध्ये बसवला, तर पेट्रोल भरत जावे तसा काटा रिकाम्याकडे सरकत जातो.