नोटीस आल्यावरचे साठ दिवस

काशीमीऱ्याच्या नाक्यावर घोडबंदर रस्ता महामार्गाला येऊन मिळतो आणि तिथून मीरा रोडच्या बाजूला इमारतींची दाटी सुरू होते. मुंबईत जागा परवडत नाही आणि विरारपर्यंत जाणं जमत नाही, अशा कितीतरी कुटुंबांनी या पट्ट्यात कर्ज काढून वन बीएचके घेतला. २०११ च्या जनगणनेतच मीरा-भाईंदरची लोकसंख्या आठ लाखांच्या वर गेली होती. काशी आणि मिरे ही इथली मूळची दोन गावं. आज ती नावं सातबाऱ्याबाहेर सर्वांत ठळक दिसतात ती वर्तमानपत्रातल्या ताबा सूचनेत: मौजे मिरे, मौजे काशी, तालुका व जिल्हा ठाणे.

ही सूचना एकदा नीट वाचावी. वर ‘परिशिष्ट ४, नियम ८(१)’. मग ‘ज्याअर्थी’ने सुरू झालेलं वाक्य आठ-दहा ओळी थांबतच नाही. त्यात कायद्याचं लांबलचक नाव, मागणी सूचनेची तारीख, थकलेली रक्कम आणि ताबा घेतल्याचा दिवस येतो. पुढे सर्वसामान्य जनतेला तंबी, की या मालमत्तेचा व्यवहार करू नये. घराच्या चतुःसीमाही छापलेल्या असतात. या सगळ्यात कर्जदाराच्या कामाचं वाक्य एकच: कलम १३(८) प्रमाणे मालमत्ता सोडवून घेण्याचा त्याचा हक्क. दारावर तो कागद चिकटलेला पाहून हादरलेल्या माणसाची नजर त्या वाक्यापर्यंत पोहोचत नाही.

ज्या कायद्यातून हा कागद निघतो, त्याला बँकेतले लोक ‘सर्फेसी’ म्हणतात. तो २००२ चा. हप्ता नव्वद दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक, ठरतं. त्यानंतर बँक साठ दिवसांची मागणी नोटीस पाठवते. कर्जदाराने लेखी हरकत घेतली, तर पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर देणं बँकेला बंधनकारक आहे. पैसे भरले गेले नाहीत, तर आधी सांकेतिक ताबा घेतला जातो. कागद दारावर लागतो आणि सात दिवसांच्या आत दोन वर्तमानपत्रांत छापून येतो, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. घरात माणसं राहत असतील तर बँक प्रत्यक्ष ताब्यासाठी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करते; काशीमीऱ्यासाठी हा अर्ज ठाण्याला जातो. या सगळ्यात दिवाणी न्यायालय कुठेही येत नाही. दाद मागायची ती कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे, पंचेचाळीस दिवसांच्या आत.

ही दादसुद्धा सहजासहजी मिळाली नाही. मूळ कायद्यात न्यायाधिकरणाकडे जाण्याआधी मागणीच्या पंचाहत्तर टक्के रक्कम भरण्याची अट होती. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये मार्डिया केमिकल्सच्या खटल्यात ती रद्द केली आणि बँकेने हरकतींचा विचार करून कारणं दिलीच पाहिजेत, असंही सांगितलं. मग २०१६ च्या दुरुस्तीने दुसरीकडून पकड घट्ट केली. पूर्वी विक्री पुरी होईपर्यंत पैसे भरून घर सोडवता येत असे. आता लिलावाची सूचना प्रसिद्ध झाली की तो हक्क संपतो. सहकारी बँकांनाही हाच कायदा वापरता येतो, हे २०२० साली ठरलं, तेही महाराष्ट्रातल्याच मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या खटल्यात.

या यंत्रात बँकेच्या बाजूला वकील, वसुली अधिकारी, मूल्यांकनकार आणि जाहिरातीचा खर्च असतो. कर्जदाराच्या बाजूला कोण?

महाराष्ट्राला हा प्रश्न जुना आहे. १८७५ च्या मे महिन्यात सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली आणि दख्खनचा उठाव पेटला. त्याआधीपासूनच पुण्याची सार्वजनिक सभा शेतकऱ्यांच्या हलाखीची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडत होती. गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या त्या सभेने १८७८ पासून स्वतःचं त्रैमासिकही चालवलं. १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्याने न्यायालयाला कर्जाचा मागचा सगळा इतिहास तपासण्याचा अधिकार दिला, सलोख्यासाठी मध्यस्थ नेमले आणि खास गहाण नसलेली जमीन डिक्रीपोटी विकण्याला आळा घातला. माहिती जमवणं, निवेदन लिहिणं आणि छापून लोकांपर्यंत नेणं ही तिन्ही कामं सभेने एकाच छताखाली केली, आणि हे मोठंच काम होतं.

अमेरिकेत हेच काम एका वस्तीतून उभं राहिलं. १९६८ साली पिट्सबर्गमध्ये डोरोथी मे रिचर्डसन या गृहिणीने शेजाऱ्यांना एकत्र करून बँकांना आपल्या वस्तीत कर्ज द्यायला भाग पाडलं. त्या चळवळीतून पुढे ‘नेबरवर्क्स’ ही संस्था आली. २००८ च्या घरकर्ज संकटात जप्ती टाळण्यासाठीच्या समुपदेशनाचा सरकारी निधी याच संस्थेमार्फत वाटला गेला.

आपल्याकडे बँक ऑफ इंडियाने २००६ मध्ये, शताब्दीच्या वर्षी, मुंबईत ‘अभय’ हे कर्ज समुपदेशन केंद्र सुरू केलं. रिझर्व्ह बँकेने २००९ मध्ये अशा केंद्रांची योजनाही आखली. पण २०१२ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांत केंद्रांच्या नावातून ‘समुपदेशन’ गेलं आणि ‘वित्तीय साक्षरता’ तेवढी राहिली. खातं कसं उघडावं हे शिकवणं चांगलंच. पण हप्ता थकलेल्या माणसाची गरज वेगळी असते, आणि ती मागे पडली.

राहता राहिली ती ग्राहक चळवळ. १९७५ मध्ये स्थापन झालेली मुंबई ग्राहक पंचायत किराणा एकत्र खरेदी करून सभासदांना वाटते आणि ‘ग्राहक तितुका मेळवावा’ हे मासिक काढते. तिचं नाव घरखरेदीदारांशी जोडलं गेलं ते रेरा या केंद्राच्या गृहनिर्माण कायद्यामुळे. राज्याचा २०१२ चा गृहनिर्माण कायदा अपुरा आहे, केंद्राचाच हवा, हा आग्रह तिने सोडला नाही. २०१८ मध्ये महारेराने, म्हणजे या कायद्याखालच्या राज्यातल्या प्राधिकरणाने, सलोखा मंच सुरू केला, तेव्हा बिल्डरांच्या प्रतिनिधीशेजारी ग्राहकांचा प्रतिनिधी बसू लागला. काशीमीऱ्यासारख्या भागाला याचा थेट उपयोग आहे. प्रकल्प रखडतो आणि घर मिळालेलं नसताना हप्ता मात्र सुरू असतो. बिल्डरलाच कर्ज देणाऱ्या बँकेने प्रकल्पाचा ताबा घेतला, तर खरेदीदार त्या बँकेविरुद्धही रेरा प्राधिकरणाकडे जाऊ शकतो. युनियन बँकेच्या राजस्थानातल्या प्रकरणात २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच निकाल कायम ठेवला.

असाच सलोखा मंच थकलेल्या गृहकर्जांसाठी हवा. बँकेचा एक आणि ग्राहकांचा एक प्रतिनिधी, आणि बैठक पहिल्या साठ दिवसांतच. मागणी नोटिशीसोबत मराठीत एक साधं पानही बँकेने द्यावं: हरकत कधीपर्यंत, न्यायाधिकरण कुठे, पैसे भरण्याची शेवटची वेळ कोणती. त्यासाठी नवा कायदा कशाला? रिझर्व्ह बँकेचं एक परिपत्रक पुरे.

तोवर ज्यांच्या दारी नोटीस आली असेल त्यांनी घर बंद करून गावी जाऊ नये. साठ दिवस संपण्याआधी बँकेला लेखी उत्तर द्यावं आणि पोच घ्यावी. हप्त्यांची फेररचना किंवा एकरकमी तडजोड मागायची तर तीही कागदावरच. वसुली एजंटला सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायची परवानगी नाही, हे त्याला ठणकावून सांगावं. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरणाचा हेल्पलाइन क्रमांक १५१०० आहे.