भंगारातील सोने आणि घरातील तेजाब

एप्रिल २०२५ मध्ये दहा ग्रॅम सोन्याच्या भावाने एक लाख रुपयांचा टप्पा ओलांडला आणि माळ्यावर धूळ खात पडलेल्या जुन्या संगणकाकडे पाहण्याची अनेकांची दृष्टीच बदलली. संगणकाच्या स्मृतिपट्टीवरील पिवळसर रेषा, मोबाइलच्या सर्किट बोर्डावरील चकाकणारे ठिपके आणि वायरजोडांतील पिना हे खरेखुरे सोने असते. मग ते घरच्या घरी, बॅटरी चार्जर आणि थोडेसे आम्ल वापरून का काढता येऊ नये, असा प्रश्न साहजिकच पडतो.

पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यात या प्रश्नाला विशेष धार आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली आणि त्यानंतरच्या दशकांत येथे वाहन व अभियांत्रिकी उद्योगांचे जाळे विणले गेले. शेजारी हिंजवडीला माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या आल्या. त्यामुळे कालबाह्य संगणकांपासून वाहनांतील निकामी नियंत्रक संचांपर्यंत इलेक्ट्रॉनिक भंगार येथे सतत निर्माण होत असते. धातूवर विजेच्या साह्याने मुलामा चढवणारे लहान कारखाने भोसरीत आहेत आणि ते काम जाणणारे कुशल कामगारही. माल, ज्ञान आणि रसायने अशा तिन्ही गोष्टी जवळ असताना घरगुती प्रयोगाचा मोह होणे अस्वाभाविक नाही. या मोहामागचे विज्ञान आणि अर्थकारण मात्र तपासून पाहण्यासारखे आहे.

सोने तेथे आलेच कसे?

तांबे विजेचे उत्तम वाहक आहे, पण हवेत ते काळवंडते. चांदीही काळी पडते. जोडणीच्या ठिकाणी असा थर साचला की क्षीण विद्युत संदेश अडतो किंवा विकृत होतो. सोन्यावर हवा, दमटपणा यांचा परिणाम होत नाही. म्हणूनच जेथे जोड निकामी होऊन चालणार नाही, तेथे सोन्याचा मुलामा दिला जातो. मोटारीतील सुरक्षा-फुग्याच्या, म्हणजे एअरबॅगच्या जोडणीत सोनेरी पिना असतात त्या याच कारणाने. अपघाताच्या क्षणी संदेश पोहोचलाच पाहिजे. अनेक चिपांच्या पोटातही केसाहून बारीक सुवर्णतारा असतात.

खाणीशी तुलना केली तर हे भंगार श्रीमंतच म्हणावे लागेल. सोन्याच्या खाणीतील एक टन दगडात साधारणतः काही ग्रॅमच सोने असते. उत्पादन परवडेनासे झाल्याने कोलारच्या प्रसिद्ध खाणी २००१ मध्ये बंद झाल्या. याउलट संगणकाच्या एक टन मदरबोर्डांत दोनशे ग्रॅमच्या आसपास सोने असू शकते. टोकियो ऑलिम्पिकची पदके घडवण्यासाठी जपानने देशभरातून सुमारे ७९ हजार टन जुनी उपकरणे गोळा केली होती. त्यांत ६२ लाखांहून अधिक मोबाइल फोन होते. त्यातून ३२ किलो सोने मिळाले. ‘शहरी खाणकाम’ हा शब्दप्रयोग उगाच रूढ झालेला नाही.

परंतु ही श्रीमंती टनांच्या हिशोबातली आहे. पिशवीभर भंगाराला ती लागू होत नाही.

विजेचे काम

विद्युत अपघटनाचे, म्हणजेच इलेक्ट्रोलिसिसचे तत्त्व सोपे आहे. क्षार किंवा आम्लाच्या द्रावणात दोन धातूंच्या पट्ट्या सोडून वीज खेळवली की धन अग्राचा धातू विरघळू लागतो आणि ऋण अग्रावर धातू जमा होतो. मायकेल फॅरडे याने १८३० च्या दशकात याचे नियम सांगितले. किती वीज गेली यावर किती धातू विरघळेल हे ठरते. मुलामा चढवणारा कारागीर हेच करतो. भंगारातील सोने काढणारा तीच क्रिया उलट्या दिशेने करू पाहतो, म्हणजे मुलामा उतरवतो.

येथे धातूंचा स्वभाव आडवा येतो. कथिल, शिसे, निकेल, तांबे हे धातू सहज विरघळतात, तर सोने शेवटपर्यंत दाद देत नाही. त्यामुळे पिना धन अग्राला जोडल्या की बहुधा सोने विरघळत नाही. त्याखालचे धातू झिजतात आणि सोन्याचा पापुद्रा सुटून तळाशी गाळात जातो. चकाकणारे सोने ऋण अग्रावर चढत जाईल या अपेक्षेने बसलेल्याच्या पदरी काळसर चिखल पडतो. त्यात सोने असते, पण त्याबरोबर तांबे, निकेल, शिसे यांचे कण आणि राळेचे तुकडेही असतात. त्यातून शुद्ध सोने वेगळे करणे हे पुढचे, अधिक अवघड आणि अधिक धोक्याचे काम असते.

तांब्याच्या शुद्धीकरण कारखान्यांत नेमके हेच तत्त्व वापरले जाते. अशुद्ध तांब्याच्या पट्ट्या विरघळतात, शुद्ध तांबे ऋण अग्रावर जमते आणि सोने-चांदी तळाच्या गाळात साचते. पुढे सोन्याचे अंतिम शुद्धीकरणही विजेने करता येते. एमिल वोलविल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८७४ मध्ये हॅम्बर्ग येथे शोधलेल्या पद्धतीने ९९.९९ टक्के शुद्धता गाठता येते. पण त्या पद्धतीत धन अग्र म्हणून जे ठेवतात, ते आधीच जवळजवळ शुद्ध असलेले सोने असते. सर्किट बोर्ड थेट त्या टाकीत बुडवून उपयोग नसतो.

हिशोब काय सांगतो?

चांगल्या प्रतीच्या जोडणीवर सोन्याचा थर साधारणतः पाऊण मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. बोर्डाच्या पृष्ठभागावरील सोनेरी ठिपक्यांवर तर त्याच्याही दशांशाइतकाच थर असतो. सोन्याची घनता प्रति घन सेंटिमीटर १९.३ ग्रॅम धरली, तर पाऊण मायक्रॉन जाडीच्या एक चौरस सेंटिमीटर मुलाम्यात दीड मिलिग्रॅमहून थोडे कमी सोने भरते. दहा ग्रॅम सोन्यासाठी असा जवळजवळ सात हजार चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग हवा. एका स्मृतिपट्टीवर दोन्ही बाजूंचे मिळून पाच चौरस सेंटिमीटर सोनेरी क्षेत्र आहे असे मानले, तर सुमारे चौदाशे पट्ट्या गोळा कराव्या लागतील. त्याही एक कणही वाया न जाता. मोबाइल फोनमध्ये सरासरी तीस मिलिग्रॅमच्या आसपास सोने असते. म्हणजे त्या मार्गाने गेल्यास तीनशेहून अधिक फोन लागतील.

यातील विजेचा खर्च नगण्य आहे. फॅरडेच्या नियमानुसार क्लोराइड द्रावणातून एक अँपिअर वीज तासभर वाहिली तर जवळजवळ अडीच ग्रॅम सोने जमा होते. दहा ग्रॅमला लागणाऱ्या विजेत दहा वॅटचा एक दिवा जेमतेम तासभर जळेल. खर्च होतो तो माल मिळवण्यात, रसायनांत आणि उरलेल्या विषारी पाण्याची विल्हेवाट लावण्यात. शिवाय भंगाराच्या बाजारात सोनेरी माल सोन्याच्याच अपेक्षेने विकला जातो. विकणारा त्याची किंमत जाणून असतो. नवख्याला नफ्याची फट फारशी उरत नाही.

पिढीजात कामगारांनाही हे गणित सहज साधत नाही. बंगळूरमधील असंघटित क्षेत्रात सर्किट बोर्डांतून आम्लाच्या साह्याने सोने काढण्याच्या पद्धतींचा २००६ च्या सुमारास स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी अभ्यास केला. बोर्डांत असलेल्या सोन्यापैकी जेमतेम चतुर्थांशच हाती लागत असल्याचे त्यात दिसून आले. आधुनिक धातुशुद्धी कारखान्यांत हे प्रमाण ९५ टक्क्यांपर्यंत जाते. घरगुती पद्धतीत सोन्याचा मोठा वाटा नाल्यात जातो, असाच याचा अर्थ.

पातेल्यातले विष

तळाच्या गाळातून सोने वेगळे करण्यासाठी नत्राम्ल, म्हणजे सोनारांचे तेजाब, किंवा नत्राम्ल व हायड्रोक्लोरिक आम्ल यांचे मिश्रण असलेले अम्लराज वापरले जाते. नत्राम्ल धातूवर पडताच तांबूस-तपकिरी रंगाचा नायट्रोजन डायऑक्साइड वायू निघतो. या वायूचा कावा असा, की श्वासातून आत गेल्यावर सुरुवातीला केवळ खोकला किंवा घशात जळजळ जाणवते. फुफ्फुसांत पाणी होण्याची जीवघेणी अवस्था काही तासांनी उद्भवते. तोवर माणूस ‘काही झाले नाही’ असे समजून झोपी गेलेला असतो.

आम्ल नको म्हणून मिठाचे पाणी वापरण्याची युक्ती काही जण सुचवतात. मिठाच्या पाण्यातून वीज गेली की क्लोरीन वायू निर्माण होऊ शकतो. स्वयंपाकघरातील स्टेनलेस स्टीलचा चमचा धन अग्र म्हणून वापरला तर त्यातील क्रोमियम विरघळून त्याचे कर्करोगकारक षट्संयुजी रूप पाण्यात उतरू शकते. ऋण अग्रावर हायड्रोजन निघतो. बंद खोलीत साचल्यास तो ठिणगीने पेट घेतो. जुन्या बोर्डांच्या डाखात शिसे असते. प्लास्टिकमध्ये आग न लागण्यासाठी मिसळलेली ब्रोमीनयुक्त रसायने असतात आणि बोर्ड जाळले की त्यातून डायॉक्सिनसारखी अतिविषारी द्रव्ये तयार होतात. सायनाइडबद्दल तर वेगळे सांगायला नको. त्याचा आम्लाशी संपर्क आला की निर्माण होणारा वायू काही मिनिटांत प्राण घेतो.

हे केवळ प्रयोग करणाऱ्यापुरते राहत नाही. शिशाचा सर्वाधिक परिणाम लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर होतो. चीनमधील ग्वेयू या गावात घरोघरी ई-कचरा फोडला जात असे. तेथील मुलांच्या रक्तातील शिशाचे प्रमाण चिंताजनक असल्याचे संशोधकांनी दाखवून दिले होते. एका खोलीच्या घरात कामाची जागा आणि मुलांची झोपण्याची जागा वेगळी नसते, हे येथे विसरता येत नाही.

झारेकरी ते गलाई

टाकाऊतून सोने शोधण्याची विद्या महाराष्ट्राला नवी नाही. सोनारांच्या दुकानांतील राख, केर आणि गटारातील गाळ धुऊन सोन्याचे कण मिळवणारे झारेकरी आपल्या पेठांतून पिढ्यान्‌पिढ्या हे काम करत आले. सांगली जिल्ह्यातील विटा-खानापूर, आटपाडी या दुष्काळी भागातील तरुणांनी तर सोने-चांदी गाळण्याचा ‘गलाई’ व्यवसाय देशाच्या कानाकोपऱ्यांतील सराफ बाजारांत नेला. नत्राम्लाने चांदी-तांबे विरघळवून सोने वेगळे करणे हा त्यांच्या रोजच्या कामाचा भाग.

तथापि, त्यांच्या मालाची आणि सर्किट बोर्डाची जात वेगळी आहे. गलाईवाल्याच्या मुशीत येणाऱ्या दागिन्यात सोन्याचा वाटा मोठा असतो आणि मिसळलेले धातू मोजके. बोर्डात धातू, काच, राळ आणि प्लास्टिक मिळून कितीतरी घटक असतात आणि सोने अत्यल्प. सोने जितके विरळ, तितके आम्ल अधिक आणि उरणारे घाण पाणीही अधिक.

म्हणूनच बेल्जियममधील होबोकन येथील युमिकोर, किंवा स्वीडनमधील रॉनस्कर यांसारखे कारखाने बोर्ड प्रचंड भट्टीत वितळवतात. वितळलेले तांबे वा शिसे सोने-चांदी आपल्यात ओढून घेते, धूर गाळला जातो आणि मग विजेचा व रसायनांचा टप्पा येतो. ब्रिटनच्या रॉयल मिंटने २०२४ मध्ये वेल्समध्ये सुरू केलेल्या कारखान्यात भट्टीऐवजी सामान्य तापमानावर चालणारी रासायनिक प्रक्रिया आहे. भारतात सी-मेट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या हैदराबाद केंद्राने सर्किट बोर्डांच्या पुनर्चक्रीकरणाचे तंत्रज्ञान विकसित केले आहे. त्यात दिवसाला एक टन क्षमतेच्या प्रकल्पाबरोबर असंघटित क्षेत्राला झेपेल अशी शंभर किलोंच्या घाण्याची पद्धतही आहे. या संस्थेचे एक केंद्र पुण्यात पाषाण रस्त्यावर आहे, ही या परिसराच्या दृष्टीने सूचक बाब.

कायदा आणि नदी

ई-कचरा व्यवस्थापनाचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी केल्याशिवाय ई-कचऱ्याच्या पुनर्चक्रीकरणाचा व्यवसाय करता येत नाही. उपकरणांच्या उत्पादकांवर ठरावीक प्रमाणात ई-कचऱ्याचे पुनर्चक्रीकरण करवून घेण्याचे बंधन आहे. हे लक्ष्य ६० टक्क्यांपासून सुरू होऊन २०२७-२८ पासून ८० टक्के होते. नोंदणीकृत पुनर्चक्रकांना मिळणारी प्रमाणपत्रे सोने, तांबे, लोखंड आणि ॲल्युमिनियम या धातूंच्या आधारे दिली जातात. मोठ्या कंपन्यांनी आपला ई-कचरा नोंदणीकृत यंत्रणेकडेच सोपवणे बंधनकारक आहे. आम्लाच्या किरकोळ विक्रीवरही सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानंतर निर्बंध आले.

नियम कागदावर चोख असले तरी भंगाराची वाट बहुधा असंघटित गल्ल्यांतूनच जाते. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने कुदळवाडी-चिखली भागातील चार हजारांहून अधिक अनधिकृत बांधकामे पाडली. त्यांत भंगाराची गोदामे मोठ्या संख्येने होती. गोदामे हलली, पण भंगार निर्माण होणे थांबलेले नाही. ते जेथे जाईल तेथे शास्त्रशुद्ध प्रक्रियेची सोय नसेल, तर पातेले आणि तेजाबही तेथे जाणार. या कामावर पोट असणाऱ्यांना प्रशिक्षण देऊन नोंदणीकृत व्यवस्थेत सामावून घेणे हाच त्यावरचा मार्ग. वेगळे करणे, निवडणे ही कामे त्यांच्याइतकी सफाईने कोणतेही यंत्र करत नाही. आम्लाचा टप्पा तेवढा कारखान्याकडे सोपवायला हवा.

कारण वापरलेले आम्ल शेवटी पाण्यालाच मिळते. पवना मुळेला मिळते आणि इंद्रायणी तुळापूरला भीमेत जाते. आळंदीच्या घाटावर इंद्रायणीवर तरंगणारा पांढरा फेस वारकऱ्यांनी वारंवार पाहिला आहे. पुढे हेच पाणी उजनीत साठते आणि पंढरपूरला चंद्रभागा होते. फेस निदान डोळ्यांना दिसतो. विरघळलेले निकेल आणि शिसे दिसतही नाहीत.

सामान्य नागरिकाने यात करायचे ते थोडकेच आहे. जुन्या उपकरणांतील आपली माहिती पुसावी, फुगलेल्या बॅटऱ्या फोडू नयेत आणि वस्तू नोंदणीकृत संकलन केंद्राकडे किंवा उत्पादकाच्या परतावा योजनेत द्यावी. त्या फोनातील तीस मिलिग्रॅम सोने एकट्या घराला श्रीमंत करणार नाही. लाखो घरांतले तेवढेच सोने एकत्र आले तर मात्र ती खाण कोलारहून दीर्घायुषी ठरेल.